हर्णैहून बेथेलला

मराठी माणसांमध्ये स्कॉटिश प्रेसबिटेरियन मिशनचं काम सुरू झालं ते आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, १८२३ साली. स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसं आधी बाणकोटला आणि मग हर्णैला येऊन राहिली. पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झाली होती. पुण्यात मिशनऱ्यांना जाऊ द्यायला कंपनी सरकार बिचकत होतं. बाणकोट मात्र अठराव्या शतकाच्या मध्यापासूनच इंग्रजांच्या हाती होतं, त्यामुळे तिथे अडचण नव्हती.

पहिले आलेले डोनाल्ड मिचेल वर्षाच्या आत वारले. त्यांच्यामागून जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टिव्हन्सन आले. त्यांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. पंतोजी गावातलेच असत. गावाने शाळा घेतली, धर्म मात्र घेतला नाही. १८२९ साली जॉन विल्सन मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला थेट हर्णैला आले. पुढे ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज उभं राहिलं, ते हेच. स्टिव्हन्सन यांनी १८३३ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. मात्र १८३० नंतर काही वर्षांतच मिशनने किनारा सोडला आणि मुंबई-पुण्याची वाट धरली. कोकणात त्यांची ख्रिस्ती मंडळी अशी उभी राहिलीच नाही.

मला यात अपयशाची गोष्ट दिसत नाही. हर्णैला काम केलेल्या रॉबर्ट नेसबिट यांचं मराठी चोख म्हणून नावाजलं गेलं होतं. पुढे मुंबईच्या मिशन शाळेत ते शिकवू लागले आणि तिथेच त्यांच्या हाताखाली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण तयार झाला. सप्टेंबर १८४३ मध्ये नेसबिट यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडमध्ये चर्च दुभंगलं होतं. विल्सन, नेसबिट ही मंडळी नव्या फ्री चर्चकडे गेली आणि त्यांनी जुन्या संस्थेवर पाणी सोडलं.

नारायणचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा होता. तोही मिशनच्या आसऱ्याला गेला. बापाने कोर्टात धाव घेतली आणि न्यायमूर्ती पेरी यांनी मुलाला बापाच्या ताब्यात दिलं. पण घरी परतलेल्या मुलाला जात परत घेईना, कारण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला होता. तेव्हा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला घेतलंच पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाला परत आणण्यासाठी एका कोकणी विद्वानाने आपली प्रतिष्ठा पणाला लावली आणि दुसऱ्या भावाने पुढे वेगळंच गाव वसवलं. महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास लिहिताना आपण पहिली गोष्ट सांगतो. दुसरी सांगायची राहून जाते, याचं मला वाईट वाटतं.

१८५४ मध्ये शेषाद्रींना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढच्या दशकात त्यांनी निजामाच्या मुलखातलं जालना हे कार्यक्षेत्र केलं. तिथे इंग्रजी छावणी होती, पण त्यांचं लक्ष गेलं ते मांगवाड्यांकडे आणि महारवाड्यांकडे. मुंबईच्या शाळेत उच्चवर्णीय मुलांना इंग्रजी शिकवून मिशनच्या हाती मोजकीच माणसं लागत होती. इथे कुटुंबंच्या कुटुंबं पुढे आली. त्या कुटुंबांपुढे प्रश्न पोटाचा होता. गावगाड्यातली बलुत्याची कामं सोडली की गावात थारा उरत नसे आणि सार्वजनिक विहिरीवर तर आधीच जागा नव्हती. नुसतं प्रवचन करून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

म्हणून शेषाद्रींनी जमीन मागितली. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी जालन्याजवळ ती सवलतीने दिली आणि बेथेल हे गाव उभं राहिलं. घरं, शेती, विहीर, शाळा, प्रार्थनामंदिर, सगळं एका जागी. काल ज्याला वेशीबाहेर राहावं लागत होतं, तो इथे गावाच्या मध्यभागी राहणार होता. प्रेसबिटेरियन रीतही इथे कामाला आली असणार, असं मला वाटतं. त्या पंथात बिशप नसतो. मंडळी आपल्यातून ‘वडील’ (एल्डर) निवडते आणि ते पाळकासोबत बसून मंडळीचा कारभार पाहतात. ज्यांना गावच्या पारावर बसायची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी निवडून येऊन निर्णय देणं ही लहान गोष्ट नव्हती.

एकोणिसाव्या शतकातला एक मराठी माणूस स्कॉटिश पैशावर, मुसलमान दिवाणाच्या जमिनीवर, अस्पृश्य ठरवलेल्यांचं गाव वसवतो, हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. त्यात उणिवाही होत्या. पैसा परदेशातून यायचा, तेव्हा त्याची दोरी परदेशी हातात. शेषाद्रींनाही त्यासाठी समुद्रापार जावं लागे. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत ते भारतीय प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. १८९१ मध्ये त्यांचं निधन झालं.

हे सगळं मी अलोऱ्यात बसून लिहितो आहे, त्यामुळे वसवलेल्या गावाविषयी मला आस्था आहे. कोयनेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी कोळकेवाडीचं धरण आणि ३२० मेगावॅटचं वीजगृह झालं, तेव्हा इथे वसाहत उभी राहिली आणि ठिकठिकाणची माणसं शेजारी झाली. काम संपलं की बरीचशी पांगली. राहिली ती शाळेमुळे, घरामुळे, शेजारामुळे. बेथेललाही हेच लागू आहे. माणूस टिकतो तो अशा गोष्टींवर.

स्कॉटिश मिशनने सोडलेल्या किनाऱ्यावर, रत्नागिरीत, १८७०च्या दशकात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन आलं. ते मूळचं कोल्हापूरचं. पुढे मिरज आणि वेंगुर्ल्याला त्याने दवाखाने उभे केले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातल्या अनेक चर्चांचं एकत्रीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि जालन्याची मंडळी त्यात सामील झाली.

या मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या म्हणजे मराठवाड्यातल्या आणि कोकणातल्या दलित कुटुंबांच्या पाच-सहा पिढ्यांच्या लेखी नोंदी आहेत. ज्यांची नावं सरकारी दप्तरात जातीपुरतीच आली, त्यांची इथे पूर्ण नावं मिळतील. पाळकांनी आणि वडील मंडळींनी त्या वह्या वाळवीपासून वाचवाव्यात, स्कॅन करून घ्याव्यात आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या कराव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.