डोजे, सिद्दी आणि आपला नगराध्यक्ष

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा. चारही गावांतला गुलाल आता धुऊन निघाला आहे. २१ डिसेंबर २०२५ च्या नगरपालिका निकालाचे आकडे वाचकांना तोंडपाठ आहेत, ते पुन्हा नकोत. पण निवडून आलेल्या नगराध्यक्षाला आवरायचं कुणी, यावर प्रचारात चकार शब्द निघाला नाही.

उत्तरासाठी जरा इतिहासात डोकावू. आपला हा भाग जुन्या व्यापारी रस्त्यावरचा. सतराव्या शतकात सुरत-बुऱ्हाणपूर वाटेने गेलेला ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या नवापूरच्या तांदळावर लट्टू झाला होता. दाणा नेहमीच्या निम्मा, बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. उमराव दुसरा भात खात नाहीत, असं तो लिहितो. या वाटेवरचा माल सुरतेला जाई. त्या सुरतेच्या महसुलातूनच मोगल आरमार सांभाळणाऱ्या जंजिऱ्याच्या सिद्दीला पैसा मिळे. सिद्दींची रीत न्यारी. प्रमुख मेला की त्याचा मुलगा नव्हे, आरमारातला पहिला अधिकारी गादीवर यावा, असा दंडक. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान शिवाजी महाराजांना किल्ला द्यायला निघाला, तेव्हा संबळ, कासीम आणि खैर्यत या तिघा सिद्दींनी त्यालाच बेड्या घातल्या.

समुद्रावर जगणाऱ्या व्हेनिसनेही आपल्या प्रमुखाला, म्हणजे डोजेला, असाच जखडून ठेवला होता. तिथले सुरुवातीचे डोजे मुलाला शेजारी बसवून गादी घरातच ठेवायला बघत. मग १२६८ मध्ये व्यापाऱ्यांनी अशी निवडपद्धत काढली की लाच द्यायची तर कुणाला, हेच कळू नये. महासभेतून चिठ्ठीने तीस जण, त्यांतून चिठ्ठीनेच नऊ. हे नऊ जण चाळीस निवडणार, त्यांतून चिठ्ठीने बारा. बारांनी पंचवीस, पुन्हा नऊ, मग पंचेचाळीस, त्यांतून अकरा आणि अकरांनी अखेरचे एकेचाळीस. या एकेचाळीसांपैकी पंचवीस मतं पडली तर डोजे. सोडतीच्या गोळ्या काढायला चौकातला एखादा पोरगा धरून आणत. हा सगळा खटाटोप १७९७ पर्यंत, नेपोलियन येईस्तोवर चालला. अर्थात मतदार मूठभर घराण्यांतलेच. याला लोकशाही म्हणणं म्हणजे थट्टाच.

पद मात्र तहहयात, आणि अधिकार चिमूटभर. परदेशातून आलेलं पत्र डोजेने एकट्याने उघडायचं नाही. मारिनो फालिएरने सत्ता बळकावायचा कट केला, तर १३५५ मध्ये त्याचं मुंडकं उडवलं. राजवाड्यात त्याच्या चित्राच्या जागी आजही काळा पडदाच रंगवलेला आहे. मला सगळ्यांत भावते ती १५०१ पासूनची प्रथा: डोजे मेल्यावर तीन चौकशी अधिकारी त्याचा हिशेब तपासत आणि कसूर निघाली तर वारसांकडून वसुली करत. लिओनार्दो लोरेदान १५२१ मध्ये वारला. पदाला शोभेल असा खर्च त्याने केला नाही म्हणून वारसांना दंड भरावा लागला. कंजूषपणाचाही हिशेब!

आपल्याकडे तहहयात पद नाही, पाच वर्षांची मुदत आहे, पण मतदान झालं की मतदार घरी जाऊन बसतो. घराण्यातच तिकीट फिरतं ते त्यामुळेच. तेव्हा पाच वर्षं थांबू नका. नगरपालिकेचा लेखापरीक्षण अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो.