लस, जंतनाशक आणि गायीचा माज

शारजातील हमरिया फ्री झोन 1995 साली स्थापन झाला. बंदर, गोदामे, कारखाने; गाय तिथे औषधालाही सापडायची नाही. पण अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाने गावाकडे दोन संकरित गायी घेऊन ठेवल्या, की गोठा फोनवर चालू लागतो. मग कधीतरी घरून निरोप येतो: लस टोचली आणि गाय उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, आता पुढची लस घ्यायची की नाही? घ्यायचीच. फक्त तारीख बघून.

लस चुकवली तर

गायीच्या प्रजननाचा सगळ्यात उघड शत्रू म्हणजे सांसर्गिक गर्भपात, अर्थात ब्रुसेलोसिस. यात गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, गर्भाशयात पू होतो आणि पुढचा माज लांबतो. याची लस फक्त 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदाच देतात. ती जिवंत जंतूंची असल्याने गाभण गायीला आणि नर वासराला देत नाहीत. कालवड आठ महिन्यांची झाली की संधी गेली. म्हणून गोठ्यात वासरू जन्मले की त्याची तारीख भिंतीवर खडूने का होईना, लिहून ठेवावी. हा रोग माणसालाही होतो. गाभडलेल्या गायीची वार उघड्या हाताने ओढणे आणि कच्चे दूध पिणे, दोन्ही बंद.

लाळ खुरकूत वेगळ्या वाटेने नुकसान करते. तोंडात फोड आले की चारा सुटतो, ताप चढतो, गाभण गाय गाभडू शकते. बऱ्या झालेल्या काही गायी पुढे कित्येक महिने उन्हात धापा टाकतात आणि माजावर नीट येत नाहीत. केंद्राचा लाळ खुरकूत आणि ब्रुसेलोसिस नियंत्रण कार्यक्रम सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झाला, त्यात लाळ खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी देतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी हा गुरांचा त्वचारोग राज्यभर पसरला, तेव्हाही ताप, गर्भपात आणि माज बंद पडणे हेच गोठ्यागोठ्यांत दिसले. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गायींना देऊन साथ आवरावी लागली.

टोचल्यानंतरचे काही दिवस

आता तक्रारीची दुसरी बाजू. लस दिल्यावर काही गायींना एक-दोन दिवस ताप येतो, दूध थोडे घटते. एरवी याला महत्त्व नाही. पण त्याच सुमारास कृत्रिम रेतन झालेले असेल तर आहे. रेतनानंतर साधारण पंधरा ते सतरा दिवसांच्या आसपास गर्भ आईच्या शरीराला आपल्या अस्तित्वाचा संकेत देतो. तो पोहोचला नाही तर गाय पुन्हा माजावर येते. ताप, धावपळ, चार जणांनी दोर लावून पाडणे, या सगळ्याचा त्या नाजूक काळावर परिणाम होऊ शकतो. म्हणून लस शक्यतो रेतनाच्या तीन-चार आठवडे आधी उरकावी. गाय सात महिन्यांपुढची गाभण असेल तर मोहिमेत ती बहुधा वगळतात, विण्यानंतर आठवणीने लस घ्यावी.

पण शेजारच्या गावात साथ आली असेल तर हा हिशेब गुंडाळून ठेवावा. एक माज हुकला तर 21 दिवस जातात. लाळ खुरकूत झाली तर अख्खे वेत जाऊ शकते. प्रत्येक उलटलेल्या गायीचे खापर लसीवर फोडण्याची आपली सवय मला तरी महागडी वाटते. चुकीच्या वेळेचे रेतन, खनिजांची कमतरता आणि गर्भाशयाचा दाह ही कारणे त्याहून कितीतरी अधिक वेळा सापडतात.

जंत आणि हरवलेला माज

जंत थेट गर्भाशयात काही करत नाहीत. ते अन्न खातात, रक्त पितात, आतड्याचे अस्तर बिघडवतात. खुराकातली प्रथिने, फॉस्फरस, तांबे अंगी लागत नाही, गाय वाळते. वाळलेल्या गायीचा मेंदू प्रजननाचे संप्रेरक कमी सोडतो, त्यामुळे अंडाशय थंड राहतो. व्यायल्यानंतर दुधाचा ताण असतो, तेव्हा हे अधिक जाणवते.

खरा फटका कालवडीला बसतो. ती वयापेक्षा वजनाने वयात येते. संकरित कालवड साधारण 250 किलोची झाल्याशिवाय भरवू नये. जंतांनी वाढ खुंटली की पहिला माजच कित्येक महिने पुढे जातो, आणि तेवढे महिने चारा फुकट. भाताच्या खाचरांत, कालव्याकाठी चरणाऱ्या जनावरांत यकृतकृमी असतो. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आली तर त्याचा संशय घ्यावा. त्याचे औषध वेगळे असते, नेहमीच्या प्रत्येक गोळीने तो मरत नाही.

तरीही जंतच नसलेल्या गायीला जंतनाशक पाजून ती गाभ जात नाही. शेण तपासून औषध द्यावे. तेच ते औषध, तेही अंदाजे कमी मात्रेत दिले की जंत त्याला दाद देईनासे होतात.

गाभण गायीला काय नको

अल्बेंडाझोल. हे गोठ्यात सर्रास वापरले जाते, पण रेतनानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात दिल्यास गर्भात व्यंग येण्याचा किंवा गर्भ दगावण्याचा धोका असतो. रेतन झाले आहे हे घरातल्या एकाला ठाऊक आणि गोळी देणारा दुसराच, असे सहज घडते. गाभण काळात फेनबेंडाझोल सुरक्षित मानतात, तरी डॉक्टरांना विचारूनच. लसीच्या साधारण पंधरा दिवस आधी जंतनाशक देण्याची पद्धत आहे, कारण अशक्त जनावरात लसीची प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही.

फोनवर काय विचारायचे

दूर असलेल्याने ‘गाय बरी आहे ना’ एवढ्यावर थांबू नये. शेवटचे रेतन कधी, शेवटची लस कधी, जंतनाशक कोणते आणि किती दिले, एवढे विचारावे. गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 आकडी क्रमांक आपल्याकडे लिहून ठेवावा. लसीकरण आणि रेतनाची सरकारी नोंद त्याच क्रमांकावर होते. रेतनानंतर दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी झाली का, हेही विचारावे. आणि गाय अचानक गाभडली तर घरच्यांना 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन लावायला सांगून, पडलेला गर्भ कुत्र्यांच्या तोंडी न जाऊ देता चुना टाकून खोल पुरायला लावावा.