मोटारगाडीतील आंतरायिक शक्तिघट

मोटारगाडीचे एंजिन एरवी व्यवस्थित चालत असताना मध्येच अपेक्षित शक्ती देईनासे होणे व काही वेळाने आपोआप पूर्ववत होणे, या दोषास आंतरायिक म्हणजे अधूनमधून उद्भवणारी शक्तिघट म्हणतात. ‘गाडी ओढत नाही’, ‘पिकअप घेत नाही’, ‘चढावर मिस मारते’ अशा शब्दांत चालक तिचे वर्णन करतात. दोष कायमचा असेल, तर तपासणीच्या वेळी तो समोर असतो व मोजता येतो. आंतरायिक दोष मात्र गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत बहुधा नाहीसा झालेला असतो. त्यामुळे अंदाजाने एकामागून एक भाग बदलले जातात. त्यात पुष्कळ खर्च होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. भर रहदारीत शक्ती गेल्यास अपघाताचाही संभव असतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूसारख्या, वाहन थांबविण्यास मनाई असलेल्या मार्गावर हा धोका विशेष असतो.

प्रस्तुत नोंदीत इंधन अंतःक्षेपण पद्धतीच्या जुन्या पेट्रोल गाड्यांतील या दोषाच्या निदानाचा विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबईतील, विशेषतः वरळी-परळ भागातील वापराची आहेत. कारण समुद्राची खारी हवा, दीर्घ पावसाळा, संथ रहदारी आणि पेट्रोल व सीएनजी या नावाने परिचित असलेला संपीडित नैसर्गिक वायू या दोन इंधनांचा आलटून पालटून वापर, या गोष्टी तेथे एकत्र आढळतात.

पार्श्वभूमी : विद्युत् नियंत्रित अंतःक्षेपणाचा मोठ्या प्रमाणावरील वापर जर्मनीतील बॉश कंपनीच्या डी-जेट्रॉनिक पद्धतीने १९६७ मध्ये फोक्सवॅगन गाडीत सुरू झाला. भारतात ही पद्धती सामान्य ग्राहकाच्या गाडीत येण्यास तीन दशके लागली. १९९८ मध्ये आलेली सँट्रो आरंभापासून अंतःक्षेपित होती. मारुती ८०० मध्ये ही व्यवस्था २००० साली आली. मुंबईत २००१ पासून भारत स्टेज दोन ही उत्सर्जन मर्यादा लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. टॅक्सींत हा बदल सावकाश झाला. कार्ब्युरेटर असलेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्यांपैकी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली व २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिची जागा घेणाऱ्या सँट्रो, वॅगन आर इ. काळ्या-पिवळ्या गाड्या अंतःक्षेपित होत्या आणि बहुतेक सीएनजीवर चालत.

कार्ब्युरेटरच्या काळात अनुभवी मिस्त्री कानाने व स्क्रू फिरवून निदान करीत असे, व ते पुष्कळदा बरोबरही येई. अंतःक्षेपित गाडीत तसे करता येत नाही. यामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे.

दोष आंतरायिक का भासतो : अंतःक्षेपित एंजिनात आत येणाऱ्या हवेचे प्रमाण, तिचा दाब व तापमान, थ्रॉटल झडपेची स्थिती, शीतक पाण्याचे तापमान इ. गोष्टी संवेदक मोजतात. त्यांवरून इलेक्ट्रॉनिक नियंत्रक अंतःक्षेपक, म्हणजे इंजेक्टर, किती मिलिसेकंद उघडा ठेवावयाचा हे ठरवितो. निष्कास नळातील ऑक्सिजन संवेदक ज्वलनाचा परिणाम कळवितो व नियंत्रक त्यानुसार इंधनाचे प्रमाण सतत दुरुस्त करतो. पंप थोडा क्षीण झाला, गाळणी थोडी तुंबली, तर इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवून नियंत्रक ती उणीव भरून काढतो. चालकाला काही जाणवत नाही. चढावर किंवा भराभर वेग घेताना मात्र एंजिनाला कमाल इंधन लागते. त्या वेळी ऑक्सिजन संवेदकाचा आधार नियंत्रक सोडून देतो आणि राखून ठेवलेली दुरुस्तीची मर्यादाही अपुरी पडते. म्हणजे दोष वस्तुतः कायमचा असतो, आंतरायिक असते ते त्याचे प्रकट होणे. याउलट सैल जोडणी, भेगाळलेले वेटोळे यांसारखे दोष खरोखरच येतात व जातात. या दोन प्रकारांची फारकत करणे ही निदानाची पहिली पायरी होय. पहिल्या प्रकारात दोष भाराशी बांधलेला असतो, दुसऱ्यात उष्णता, ओल किंवा कंपन यांच्याशी.

परिस्थितीची नोंद : गाडी थंड होती की तापलेली, टाकीत इंधन किती, पाऊस होता काय, वातानुकूलन चालू होते काय, गियर कोणता, सपाटी की चढ, दोष किती सेकंद टिकला, एंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर फरक पडला काय, या गोष्टींची आठवडाभर लिहून ठेवलेली नोंद महागड्या उपकरणाइतकीच उपयोगी पडते. टाकी पाव भरलेली असताना, अर्धा तास चालविल्यानंतर व फक्त दुपारी शक्ती जात असेल, तर संशय टाकीतील पंपावर जातो. हा पंप सभोवतालच्या पेट्रोलने थंड राहतो आणि पेट्रोल कमी असल्यास तापतो. टाकीचे झाकण उघडताच हवा आत खेचली जाण्याचा आवाज होऊन गाडी सुधारत असेल, तर टाकीचा वायुमार्ग तुंबलेला असतो. पहिल्या पावसानंतर दोष सुरू झाला असेल, तर प्रज्वलन व्यवस्था आधी पाहावी.

एंजिन निर्दोष असूनही शक्ती कमी भासण्याची कारणे आरंभीच वगळावीत. क्लच घसरत असेल, तर एंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही. खाऱ्या दमट हवेत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ब्रेकचे दट्टे गंजून अडकतात व चाक धरले जाते. थोडे अंतर गेल्यावर एकच चाक इतरांपेक्षा गरम लागणे ही त्याची खूण. लहान एंजिनाच्या गाडीत वातानुकूलनाचा संपीडक चालू-बंद होताना जाणवणारा फरक हा दोष नव्हे.

दोन इंधनांची चाचणी : सीएनजीवरही चालणाऱ्या गाडीत निदानाचे एक साधन आयतेच हाती असते. तोच रस्ता, तोच भार व तोच गियर ठेवून गाडी आधी पेट्रोलवर व मग वायूवर चालवावी. शक्तिघट फक्त पेट्रोलवर होत असेल, तर पेट्रोल पंप, गाळणी, दाब नियामक व इंजेक्टर एवढ्यापुरते क्षेत्र मर्यादित होते. दोन्हींवर होत असेल, तर हवा, निष्कास मार्ग, प्रज्वलन, संवेदक किंवा विद्युत् जोडण्या यांकडे वळावे.

या चाचणीचा अर्थ लावताना मात्र सावधगिरी हवी. मिथेनाच्या पूर्ण ज्वलनासाठी त्याच्या सु. साडेनऊ पट घनफळाची हवा लागते. म्हणजे सिलिंडरात शिरणाऱ्या मिश्रणाचा सु. दहावा भाग वायूनेच व्यापलेला असतो व तेवढी हवा कमी येते. त्यामुळे वायूवर शक्ती सु. १० टक्के कमी असणे स्वाभाविक आहे. तसेच वायु-मिश्रणात ठिणगी पडण्यास पेट्रोलपेक्षा उच्च विद्युत् दाब लागतो. प्लगमधील फट झिजून वाढली असेल किंवा वेटोळे क्षीण झाले असेल, तर पेट्रोलवर गाडी ठीक चालते व वायूवर झटके देते. अशा वेळी वायुसंचाला दोष देऊन त्याचे भाग बदलले जातात, ही मुंबईतील गाड्यांच्या बाबतीत सहज घडणारी चूक आहे. वायुसंचाचे स्वतःचे दोषही आहेत. सु. २०० बार दाबाने साठविलेला वायू दाबन्यूनकात प्रसरण पावताना अतिशय थंड होतो. न्यूनकाला ऊब देणारे एंजिनाचे पाणी कमी झाले, की तो गारठतो व वायूचा पुरवठा अडखळतो.

आणखी एक गुंतागुंत लक्षात घेतली पाहिजे. वायूवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर तोडले जातात व नियंत्रकाला ते चालू असल्याचा कृत्रिम संदेश दिला जातो. ही जोडणी सदोष असल्यास नियंत्रक वायूच्या ज्वलनावरून पेट्रोलच्या प्रमाणात चुकीच्या दुरुस्त्या शिकून ठेवतो. मग पेट्रोलवर येताच गाडी काही किमी. मंद चालते व हळूहळू सुधारते. यात बिघडलेला असा एकही भाग नसतो. शिवाय महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिलेल्या थोड्याशा पेट्रोलचा डिंकासारखा साका इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो.

मापन : अंदाजाऐवजी मापन करावयाचे तर ते दोष प्रकट झालेला असतानाच केले पाहिजे. त्यासाठी दाबमापक किंवा स्कॅनर जोडून गाडी रस्त्यावर न्यावी व आकडे वाचण्यास चालकाखेरीज दुसरी व्यक्ती बरोबर असावी. वरळी नाक्याहून हाजी अलीमार्गे पेडर रोडचा चढ चढून केम्प्स कॉर्नरपर्यंत जाणे ही, पहाटेच्या विरळ रहदारीत, चांगली चाचणी ठरते. प्रथम सपाटी, मग सलग भार असा क्रम तीत मिळतो.

इंधनाचा दाब जुन्या पद्धतीच्या गाड्यांत सामान्यतः २·५ ते ३·५ बार असतो. निश्चित आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावा. उभ्या गाडीत दाब बरोबर आहे एवढ्यावरून पंप निर्दोष ठरत नाही. पूर्ण भाराखाली तो टिकतो काय हे पाहावयाचे असते. दाब घसरत असेल, तर पंप बदलण्यापूर्वी पंपापाशी पोहोचणारा विद्युत् दाब मोजावा. गंजलेल्या जोडणीमुळे दोन-तीन व्होल्ट वाटेतच नष्ट झाल्यास नवा पंपही तसाच क्षीण वागेल.

ऑक्सिजन संवेदकाचा विद्युत् दाब ०·१ ते ०·९ व्होल्ट यांमध्ये हलतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना तो ०·८ च्या वर स्थिर राहत असेल, तर इंधन पुरेसे आहे, दोष अन्यत्र शोधावा. तो खाली घसरत असेल, तर इंधन अपुरे आहे. परंतु एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडत नसेल, तर न जळलेला ऑक्सिजन निष्कासात येतो आणि इंधन भरपूर असूनही संवेदक ते कमी असल्याचे दर्शवितो. म्हणून प्लग व वेटोळी आधी तपासावीत. स्कॅनरवर दिसणारी इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती १० टक्क्यांहून अधिक असणे पूर्वी संशयास्पद मानीत. पेट्रोलमध्ये २० टक्के एथेनॉल मिसळले जाऊ लागल्यावर हा निकष बदलावा लागतो; शुद्ध पेट्रोलसाठी जुळविलेल्या जुन्या गाडीला अशा इंधनावर ७–८ टक्के अधिक इंधन सोडावे लागते व तेवढी दुरुस्ती निर्दोष गाडीतही दिसते. एथेनॉल पाणी शोषते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि पंप नेमका तेथूनच इंधन घेतो.

आदान नळातील दाब मोजणारा संवेदक एंजिन बंद असताना वातावरणाचा दाब दाखवितो. मुंबईत तो सु. १०० किलोपास्काल असावा, पुण्यास सु. ९५ व महाबळेश्वर येथे सु. ८६ येतो. एंजिन मंदगतीने चालताना तो ३० ते ४० पर्यंत उतरतो. थ्रॉटल झडपेच्या संवेदकाचा विद्युत् दाब झडप सावकाश उघडताना सलग वाढला पाहिजे. शहरी रहदारीत झडप बहुतेक वेळ एकाच अल्प कोनात असल्याने त्याचा मार्ग त्याच ठिकाणी झिजतो व तेथे आकडा क्षणभर नाहीसा होतो.

निष्कास मार्ग : हे कारण बहुतेक वेळा सर्वांत शेवटी ध्यानात येते. न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन जळते व त्यातील मातीचा जाळीदार ठोकळा वितळतो किंवा फुटतो. सुटलेले तुकडे फिरून मार्ग कधी अडवितात, कधी मोकळा करतात. शक्तीही तशीच येते व जाते. ऑक्सिजन संवेदक काढून त्या छिद्रात दाबमापक बसविल्यास मिनिटास २,५०० फेऱ्यांना ०·२ बारपेक्षा अधिक दाब हा अडथळा दर्शवितो. परिवर्तक बदलण्यापूर्वी तो कशाने वितळला ते शोधले नाही, तर नवाही त्याच वाटेने जातो.

ओल व गंज : मुंबईच्या पावसाळ्यात हिंदमातासारख्या सखल भागात साचलेल्या पाण्यातून गेलेल्या किंवा वरळीच्या समुद्रालगत उभ्या राहणाऱ्या गाडीत जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. एंजिन, दिवे व पंखा चालू असताना बॅटरीचे ऋणाग्र आणि एंजिनाचा धातू यांतील विद्युत् दाबाचा फरक ०·२ व्होल्टहून अधिक असल्यास अर्थिंगची पट्टी साफ करावी. सदोष अर्थिंगमुळे सर्वच संवेदकांचे आकडे एकाच वेळी बिघडतात व ते सगळे निकामी झाल्याचा भास होतो. प्लगच्या तारा व वेटोळी यांवर अंधारात पाण्याचा तुषार मारल्यास भेगेतून निसटणारी निळसर ठिणगी डोळ्यांना दिसते. चालू एंजिनाच्या जोडण्या एकेक करून हलविणे हीदेखील साधी व फलदायी चाचणी होय. उच्च विद्युत् दाबाच्या तारांना मात्र हात लावू नये.

दोष संकेतांक : नियंत्रकाच्या स्मृतीतील संकेतांक एखाद्या विद्युत् मंडलातील विकृती सांगतो, कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. भारतात गाडीतील निदान व्यवस्था २०१० पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांचे संकेतांक मोजके व निर्मात्यागणिक वेगळे असत. संकेतांक नाही म्हणून दोष नाही असेही नव्हे. तुंबलेली गाळणी किंवा फुटलेला परिवर्तक यांची नोंद अशा गाडीत बहुधा होतच नाही.

यांत्रिक झीज : वायूवर दीर्घकाळ चाललेल्या एंजिनात निष्कास झडपांची बैठक झिजून झडप वर सरकते व तिची ठेवलेली फट नाहीशी होते. एंजिन थंड असताना झडप बसते; तापून लांबली की पूर्ण बसत नाही. अशा एंजिनाचे संपीडन सकाळी मोजल्यास चांगले व तासाभराने कमी भरते. म्हणून ते एंजिन तापलेले असतानाच मोजावे. सिलिंडरांमधील फरक एक बारपेक्षा जास्त नसावा.

दुरुस्तीनंतर नियंत्रकाची जुनी शिकवण पुसून, दोष ज्या परिस्थितीत उद्भवत होता तीच परिस्थिती जुळवून त्याच मार्गावर गाडी पुन्हा चालवून पाहतात. टाकी पाव भरलेली असताना होणाऱ्या दोषाची परीक्षा भरल्या टाकीने होत नाही, आणि ऑगस्टमधल्या दोषाची ऑक्टोबरच्या उन्हात करावयाची असल्यास तुषार मारून तेवढी ओल निर्माण करावी लागते.