‘प्रेयरमध्ये आठवण ठेवतो’ म्हटलं खरं, पण ती आठवण ठेवायची कशी?

मोर्शीतला पेशंट पुढच्या इलाजासाठी अमरावतीला किंवा नागपूरला न्यावा लागला, की ख्रिस्ती घरातला पहिला मेसेज मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. ‘प्रार्थनेची विनंती. बाबांना आयसीयूत घेतलंय.’ पाच मिनिटांत चाळीसेक जोडलेले हात, दहा-बारा ‘आमेन’ आणि तेवढेच ‘प्रार्थना करतोय’. मग कुणीतरी वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकतं आणि ग्रुप पुढे सरकतो.

आयसीयूबाहेर बसलेला मुलगा मात्र ते मेसेज रात्रभर वरखाली करून वाचत असतो. त्यातल्या किती जणांनी खरंच डोळे मिटले, हे त्याला कधीच कळत नाही. ज्यांनी नाही मिटले, त्यांना मात्र ते नीट माहीत असतं. रविवारी चर्चच्या दारात तो समोर आला की मनातल्या मनात घाईने एक वाक्य उरकायचं आणि म्हणायचं, ‘करतोय हो प्रार्थना.’ चर्चमध्ये वाढलेल्या बहुतेकांनी हे कधी ना कधी केलेलं असतं.

दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेला ख्रिस्ती लोक मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. आणि बायबलमध्ये ती नुसती शुभेच्छा नाही. १ शमुवेलच्या १२ व्या अध्यायातला प्रसंग बघा. म्हाताऱ्या शमुवेलाला बाजूला सारून लोकांनी राजा मागून घेतलेला. गहू कापणीचे दिवस. शमुवेल देवाला हाक मारतो आणि गडगडाटासह पाऊस येतो. ऐन गव्हाच्या सोंगणीत पाऊस म्हणजे काय, हे वऱ्हाडात समजावून सांगायला नको. घाबरलेले लोक शमुवेलालाच म्हणतात, आमच्यासाठी प्रार्थना कर. तो सांगतो की तुमच्यासाठी प्रार्थना करणं मी सोडलं, तर ते देवाविरुद्ध पाप होईल. लोकांविरुद्ध नाही, देवाविरुद्ध. तेही ज्यांनी त्याला नुकतंच नाकारलं होतं, त्यांच्यासाठी.

कॅथलिक चर्चने तर या शब्दाचा हिशेबच ठेवायला लावलाय. अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला. तिथे काय, रोममध्ये काय, नियम एकच. कुणी आपल्या माणसासाठी मिस्सा सांगून देणगी दिली, तर धर्मगुरूने ती वहीत नोंदवायची आणि मिस्सा झाली की तीही नोंद करायची. वर्षभरात जेवढ्या मिस्सा स्वतः अर्पण करता येतील, त्याहून जास्त स्वीकारायच्या नाहीत. १९८३ च्या चर्च कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय. वरच्या अधिकाऱ्यांनी ती वही दरवर्षी तपासायची, हेसुद्धा. कोरडं वाटेल, पण नियम करणाऱ्यांनी माणसाचा विसराळूपणा बरोबर ओळखला होता.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत अशी वही सक्तीची नाही. पण महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण त्यांच्याकडचंच आहे, पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी तिथल्या मुलींना विचारलं, रोज जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्या जूनच्या शेवटी मुक्तीत जी आध्यात्मिक जागृती झाली, तिच्यावर जगभरचे अभ्यासक आजही लिहितात. पण त्याआधीचे सहा महिने जास्त शिकवणारे आहेत. रमाबाई ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ एवढंच म्हणून थांबल्या नाहीत. त्यांनी रोजचं जमणं ठरवलं. तेव्हाही मुक्तीत मुलींचं जेवण, शिक्षण, कामधंदा काहीच थांबलेलं नव्हतं. प्रार्थना होती म्हणून स्वयंपाकघर बंद, असं झालं नाही. (म्हणूनच प्रार्थनेच्या नावाखाली औषधं बंद करायला सांगणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं.)

मग संत्र्याची तोड चालू आहे, ट्रक दारात उभा आहे आणि ग्रुपवर विनंती आली, तर काय करायचं? जोडलेले हात पाठवायच्या आधी तिथेच, उभ्या उभ्या, नाव घेऊन दोन वाक्यं बोलायची. मग मेसेज टाकायचा, ‘आत्ताच केली.’ हे खोटं ठरायची भीती नाही. ‘रोज करीन’ म्हणण्यापेक्षा ‘ऑपरेशन होईपर्यंत रोज करीन’ हे पाळता येतं. नाव चिठ्ठीवर लिहून बायबलमध्ये ठेवणं ही जुनी सवय अजून चालते आणि फोनच्या रिमाइंडरलाही कुणाची हरकत नसावी. जमणारच नसेल, तर ‘उद्या डबा घेऊन येतो’ म्हणणं जास्त प्रामाणिक आहे.

एक गोष्ट मात्र करायची नाही. ‘प्रेयर करा’ म्हणत कुणाचे रिपोर्ट, कुणाच्या सुनेचं भांडण चार ग्रुपवर फॉरवर्ड करायचं नाही. विनंती करणाऱ्याने ते एका मंडळीला विश्वासाने सांगितलेलं असतं.

आणि विसरलोच तर? आठवेल तेव्हा करायची आणि फोन करून विचारायचं, ‘बाबा आता कसे आहेत?’ चार दिवस उशिरा आलेला असा फोन त्या मुलाला चाळीस इमोजींपेक्षा जास्त लक्षात राहतो.

कधीकधी तोवर बाबा गेलेले असतात. इथे चर्चच्या वाटा वेगळ्या होतात. कॅथलिक मृतांसाठीही प्रार्थना करत राहतात, २ नोव्हेंबर हा तर त्याचाच दिवस. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, मागे राहिलेल्यांसाठी करतात. पण ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडली की दोन्हीकडे विषय साधारण तिथेच संपतो. त्या घरात मात्र दवाखान्याचं बिल फेडायचं असतं, बागेला पाणी द्यायचं असतं आणि आईला रात्री झोप लागत नसते. चिठ्ठीवरचं बाबांचं नाव खोडून तिथे तिचं नाव लिहायचं असतं.