बदललेली मस्टँगही अस्सलच

जुनी अमेरिकन गाडी पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एकाला प्रत्येक बोल्ट कारखान्यातून निघाला तसाच हवा. दुसरा बाजारात मिळणारे नवे ब्रेक, कार्ब्युरेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बेधडक बसवतो. मान पहिल्या पंथाला मिळतो, पण फोर्ड मस्टँगचा इतिहास दुसऱ्याची बाजू घेतो. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अवतरलेली ही गाडी फाल्कन या साध्या कौटुंबिक गाडीवर बेतलेली होती. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या, त्यात पर्यायांच्या लांबलचक यादीचा वाटा मोठा: सहा सिलिंडर की व्ही-८, सगळीकडे ड्रम ब्रेक की पुढे डिस्क. १९६५मध्ये कॅरोल शेल्बी यांनी याच गाडीची मागची सीट काढली, पुढच्या सस्पेन्शनचा वरचा आर्म इंचभर खाली घेतला आणि जीटी३५० घडवली. संग्राहक आज तिच्यासाठी जीव टाकतात. फेरबदल हा या गाडीच्या जन्मापासूनचा स्वभाव आहे.

गंजाचा मुद्दा तर त्याहून रोकडा. विंडशील्डखालच्या जाळीतून हवा आत घेणारी पत्र्याची पेटी हे सुरुवातीच्या मस्टँगचे दुखणे. तिच्यात पाला अडकतो, ओल टिकते, हवेच्या तोंडाभोवतीची कड सडते आणि पावसाचे पाणी थेट पायाशी ठिबकते. मग तळाचा पत्राही जातो. दुरुस्तीसाठी स्पॉट वेल्डिंगचे टाके एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात, आणि नवा पत्रा बसतो तो आफ्टरमार्केटचाच. हा बाजार नसता तर असंख्य साध्या मस्टँग भंगारात गेल्या असत्या. ब्रेकचेही तेच. १९६६पर्यंतच्या मास्टर सिलिंडरला एकच कप्पा होता. कुठेही गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला. १९६७पासून फोर्डनेच दोन कप्पे दिले. कारखान्याने स्वतः सुधारलेली चूक जुन्या गाडीत जपून ठेवण्यात कसली निष्ठा?

यावर 'बुलिट'चा दाखला दिला जातो. स्टीव्ह मॅक्वीन यांच्या त्या चित्रपटातली १९६८ची मस्टँग रंगरंगोटी न करता, होती तशी जानेवारी २०२०मध्ये लिलावात आली आणि शुल्कासह ३७.४ लाख डॉलरना गेली. पण तिची किंमत वाढवणाऱ्या खुणांत चित्रीकरणासाठी केलेले फेरबदलही आहेत. तिथे जपला गेला तो त्या एका गाडीचा इतिहास. कारखान्याचा नमुना नव्हे. असा इतिहास असलेल्या मोजक्या गाड्यांना हात लावू नये, हे मान्यच. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: आज अख्खा नवा सांगाडाही विकत मिळतो, मग जुनी गाडी उरते कुठे? इथे खोट सुट्या भागांत नसते, लपवाछपवीत असते. काय बदलले याची नोंद ठेवून ती खरेदीदारापुढे ठेवली, तर फसवणूक होत नाही. तिसरा आक्षेप, की हौशी लोक नुसती ताकद वाढवत सुटतात, हा मात्र खरा आहे. फाल्कनच्या हाडापेराला दुप्पट ताकदीचे इंजिन पेलवत नाही. म्हणून आधी पत्रा, मग ब्रेक, मग सस्पेन्शन आणि इंजिन सर्वांत शेवटी, हा क्रम ज्याला पाळायचा नसेल त्याने कॅटलॉग उघडूच नये.