किती पळते? नव्हे, कशी थांबते?

सोसायटीच्या फाटकापाशी नवी कोरी मोटारसायकल उभी राहिली, की तिच्याभोवती घोळका जमतो. मुलं विचारतात, "किती पळते?" मोठी माणसं विचारतात, "किती देते?" म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर जाते! या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की गाडीची परीक्षा संपली.

माझ्या पुतण्याच्या घरी मात्र तिसरा प्रश्न निघाला. तो विचारला त्याच्या आईनं, म्हणजे आमच्या वहिनींनी.

पुतण्या नुकताच नोकरीला लागलाय. घर कोथरूडला, कंपनी पिंपरीत. जाऊन-येऊन रोजचे सुमारे 40 किलोमीटर. शिवाय सुट्टी लागली, की ताम्हिणी घाट उतरून कोकणात जायची भारी हौस. त्याच्या मनात भरली होती 'स्पोर्ट्स टूरर', तीही चांगली 400 सीसीची. "काका, आईला तुम्हीच पटवा," असा फोन आला, म्हणून मी गेलो. वहिनींनी चहाचा कप हातात दिला आणि म्हणाल्या, "भावजी, ती पळते किती, ते हा रोज सांगतो. समोर अचानक म्हैस आली तर थांबते कशी, ते कोणी सांगेल का?"

प्रश्न बिनतोड होता. मग आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी ही स्पोर्ट्स टूरर म्हणजे काय, ते बघू. शर्यतीच्या गाडीचं हँडल खाली असतं आणि पाय मागे ठेवावे लागतात. चालवणारा टाकीवर जवळजवळ पालथा पडतो. दिसायला झकास, पण तासाभरात मनगटं आणि पाठ बोंबलायला लागतात. लांबच्या प्रवासाच्या गाडीवर ताठ बसता येतं. टाकी मोठी आणि मागे सामान बांधायला जागा. या दोघींचा मेळ म्हणजे स्पोर्ट्स टूरर. जोर भरपूर, वळणावर चपळ, तरी दिवसभर बसता येईल अशी.

अशा गाडीला पुढे वारा अडवणारं कवच असतं. त्याला फेअरिंग म्हणतात. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनं 1976 साली 'आर 100 आरएस' ही गाडी आणली, तेव्हा तिचं कवच हवेच्या बोगद्यात तपासून तयार केलं होतं. एवढा खटाटोप कशाला? गंमत बघा, वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो! आपल्याकडे 2003 साली 223 सीसीची करिझ्मा आली आणि लांब पल्ल्याच्या हौशी मंडळींना ती आवडली. 2016 साली बजाजची 373 सीसीची डॉमिनार आली. तिचं वजन 180 किलोच्या वर!

आता वहीतला हिशेब. महिन्याचे 22 दिवस नोकरी, रोज 40 किलोमीटर. झाले 880. महिन्यातून एकदा हरिहरेश्वरची फेरी धरली, तर जाऊन-येऊन साधारण 350. एकूण 1230 किलोमीटर. म्हणजे शंभरातले सत्तरहून जास्त किलोमीटर शहराच्या गर्दीतले! मोठी गाडी लिटरला 28 किलोमीटर देईल असं धरलं, तर महिन्याला 44 लिटर पेट्रोल. लहान गाडी 45 देईल असं धरलं, तर 27 लिटर. फरक 17 लिटरचा, तोही दर महिन्याला. तुमच्या गावातल्या पेट्रोलच्या भावानं गुणून बघा बरं!

आता वहिनींची म्हैस. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 11 मीटर. म्हैस दिसली, मेंदूनं हुकूम सोडला, हातानं ब्रेक दाबला. यात एक सेकंद गेला, तर गाडी तेवढ्यात 11 मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी 10 मीटर. एकूण 21. आता वेग 80 करा. विचारात 22 मीटर गेले आणि ब्रेक लागल्यावर 41. एकूण 63 मीटर! एकामागे एक पाच-सहा एसटी बसगाड्या उभ्या केल्यात, तर जेवढी लांबी होईल तेवढी. वेग दुप्पट, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट. रस्ता ओला असेल तर आणखी जास्त.

घाबरून ब्रेक कचकन दाबला, तर चाक फिरायचं थांबतं आणि गाडी घसरते. म्हणून एबीएस नावाची युक्ती असते. चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग मोजत असतो. चाक अडकतंय असं दिसलं, की ब्रेकचा दाब क्षणभर सैल होतो आणि पुन्हा लागतो. असं एका सेकंदात कितीतरी वेळा! एप्रिल 2019 पासून आपल्या देशात 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं झालं. पण काही गाड्यांत ते एकाच चाकाला असतं, काहींत दोन्ही चाकांना. दुकानात हा प्रश्न हमखास विचारायचा.

"पण काका, हायवेला जोर नको का?" पुतण्याची गाडी तिथेच अडलेली. जोर हवाच. चढावर ट्रकच्या मागे रखडणंही धोक्याचंच. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मुळात बंदी आहे. आणि ताम्हिणीच्या वळणावर 150 चा वेग कोण वापरणार?

दुसऱ्या दिवशी तिघंही दुकानात गेलो. पुतण्यानं मोठी गाडी चालवून पाहिली आणि खूश होऊन परत आला. मी म्हटलं, "आता इंजिन बंद कर आणि या उतारावरून हातानं मागे ढकल." बिचाऱ्याला घाम फुटला! सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे रोजचंच होतं. मग वहिनी मागच्या सीटवर बसल्या. सीट उंच आणि पुढे उतरती, धरायला नीट कडी नाही. "यावर मी मंडईतसुद्धा येणार नाही," त्या म्हणाल्या.

पुतण्या एक दिवस गप्प गप्प होता. मग त्यानं आपणहून 250 सीसीची गाडी ठरवली. दोन्ही चाकांना एबीएस, दोन्ही पाय जमिनीला टेकतात आणि मागची सीट सपाट. वाचलेल्या पैशांतून आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेट, हातमोजे आणि जाड जाकीट घेतलं. दुसरं हेल्मेट कोणाचं? वहिनींचं! कायद्यानं मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच.

तुम्हाला मात्र थोडं थांबावं लागेल हं! गिअरची मोटारसायकल चालवायला वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत. आणि आई-बाबांनो, "गल्लीतच तर चालवतोय" म्हणून किल्ली देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलानं असा गुन्हा केला, तर पालकांना 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तोवर एक प्रयोग करा. मोठ्या माणसाला सोबत घेऊन मोकळ्या मैदानावर जा. खडूनं रेघ मारा. आधी सायकल अगदी सावकाश आणा, रेघेवर ब्रेक लावा आणि कुठे थांबली ते मोजा. मग थोड्या जास्त वेगानं तसंच करा. दोन्ही आकडे वहीत लिहा. पुढे तुमची गाडी घ्यायची वेळ येईल, तेव्हा ती वही उपयोगी पडेल.

पुतण्याची पहिली फेरी हरिहरेश्वरला झाली. रात्री आठ वाजता फाटकाशी हॉर्न वाजला. वहिनींनी खिडकीतून पाहिलं आणि मगच पानं वाढायला घेतली.