गल्लीचे छायाचित्रण
दाट वस्तीतील अरुंद गल्ल्यांचे छायाचित्रण. यात जागेच्या टंचाईपेक्षा प्रकाशातील तफावत ही मोठी अडचण होय. वर आकाशाची तेजस्वी पट्टी आणि खाली गडद सावली, या दोहोंतील तपशील एकाच चित्रात सहसा उतरत नाही. म्हणून आकाश चौकटीबाहेर ठेवतात किंवा ढगाळ दिवस निवडतात. विस्तृतकोनी भिंगाने गल्ली मावते; मात्र कॅमेरा वर कलल्यास भिंती माथ्याकडे एकमेकींवर झुकलेल्या दिसतात. थॉमस ॲनन यांनी ग्लासगोतील जुन्या गल्ल्यांची छायाचित्रे १८६८–७१ मध्ये, पाडकामाच्या आधी घेतली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला; पुढे राहत्या वस्तीतच माग वाढले. धोट्याच्या मागांची जागा शटललेस माग घेत असताना तेथील गल्ल्यांची अशी नोंद मोलाची ठरते. तीसाठी सावल्यांचे सुंदर आकृतिबंध पुरेसे नाहीत. दारातील सुताचे बीम, कापडाचे तागे दिसावेत आणि चित्रामागे गल्लीचे नाव व तारीख असावी.